धक्के झेलणारा चिमटा : एका यंत्रावयवाचा इतिहास व जीर्णोद्धार

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्याकडे गड, लढाया, सनदा आणि बखरी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ताम्रपटावरची एक ओळ लावण्यासाठी वर्ष खर्ची घालणारा संशोधक आपल्याला आदरणीय वाटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कारखान्यातून निघालेला आणि आता तेल गळू लागलेला सायकलचा एक चिमटा पुढ्यात घेऊन, त्यातली रबरी कडी मूळ कोणत्या मापाची असावी याचा शोध घेत बसलेल्या माणसाला आपण इतिहासकार म्हणत नाही. फार तर त्याला छांदिष्ट म्हणतो. आमचे म्हणणे असे की, तो माणूसही इतिहासाचेच काम करीत असतो. किंबहुना त्याच्या हातून जे निसटेल ते पुढे कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही एवढ्याचसाठी निवडला आहे.

पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरणारा जो दुपायी भाग, त्याला आपल्याकडचे सायकलवाले चिमटा म्हणतात. आपल्या परिचयाचा चिमटा लोखंडाचा, सलग आणि ताठ असतो. रस्त्यावरचा खड्डा तो जसाच्या तसा हँडलपर्यंत, हँडलवरून मनगटांपर्यंत आणि मनगटांवरून दातांपर्यंत पोचवतो. डोंगरात चालवायच्या सायकलींना १९९० च्या सुमारास जो नवा चिमटा बसू लागला, तो नळीत नळी सरकणारा, आत हवा, तेल, रबर किंवा स्प्रिंग असलेला असा होता. या चिमट्याचा जन्म कसा झाला, दहा-पंधरा वर्षांत त्याच्या किती पिढ्या झाल्या, आणि आज तो जुना झाल्यावर त्याची दुरुस्ती व जीर्णोद्धार कसा करतात, हे आपण क्रमाने पाहू.

पूर्वपीठिका

सायकलीला धक्के झेलण्याची सोय करावी ही कल्पना नवी नाही. भरीव रबरी धावेच्या काळात, म्हणजे १८८० नंतरच्या दशकात, इंग्लंडमधल्या कारागिरांनी या प्रश्नावर पुष्कळ डोके चालविले होते. लंडनच्या लिन्ले आणि बिग्ज या मंडळींची १८८५ च्या सुमाराची ‘व्हिपेट’ नावाची सायकल प्रसिद्ध आहे. तिच्यात बैठक, हँडल आणि पायटे ही तिन्ही एका ताठ त्रिकोणात बांधून तो त्रिकोणच मुख्य सांगाड्यावर स्प्रिंगने तोलला होता. पण १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेली धाव तयार केली आणि या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजनच संपले. जे काम दहा स्प्रिंगांना नीट साधत नव्हते, ते एका नळीत कोंडलेल्या हवेने बिनबोभाट केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे सायकलीचा चिमटा ताठच राहिला. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींनाही चामडी बैठकीखालच्या दोन जाड स्प्रिंगांपलीकडे दुसरी सोय नसे, आणि कोणाची तक्रारही नसे.

मोटारसायकलीची वाट मात्र निराळी झाली. तिचा वेग जास्त, वजन जास्त, म्हणून धक्काही मोठा. १९३५ मध्ये जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने आपल्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांना, नळीत नळी सरकणारा व आत तेलाचे दमन असलेला चिमटा बसविला. पुढे मोटारसायकलींत हीच पद्धत रूढ झाली. सायकलीच्या कारखान्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीच्या फुगीर टायरच्या सायकली काढल्या, पुढे काहींना शोभेचा वाटावा असा स्प्रिंगचा चिमटाही लावला. पण त्या सायकली मुलांनी गल्लीत फिरविण्याच्या. त्यांच्या नशिबी डोंगर यायला आणखी चाळीस वर्षे जायची होती.

वंगणाच्या नावाची शर्यत

कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नावाचा परगणा आहे, आणि त्यात तामल्पाइस नावाचा डोंगर. १९७० नंतर या भागातली काही तरुण मंडळी श्विनच्या त्या जुन्या, फुगीर टायरच्या सायकली भंगारातून चार-पाच डॉलरांना विकत घेऊन डोंगरावरून खाली पिटाळू लागली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. चार्ली केली हा तिचा मुख्य चालक. वाट सुमारे दोन मैलांची, आणि तेवढ्यात उतार सुमारे तेराशे फुटांचा.

या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’. त्याची व्युत्पत्ती मोठी बोधप्रद आहे. त्या सायकलींना पायटे उलटे दाबून लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतरणीत तो इतका तापे की आतले वंगण धूर होऊन उडून जाई, आणि खाली पोचल्यावर तुंबा उघडून त्यात नव्याने वंगण भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ म्हणजेच रीपॅक. एका जगप्रसिद्ध क्रीडाप्रकाराच्या पहिल्या शर्यतीला नाव मिळाले ते दुरुस्तीच्या कामावरून, हे आम्हांला लक्षणीय वाटते. हे यंत्र चालविणे आणि ते उघडून साफ करणे ही दोन कामे आरंभापासूनच एकमेकांना चिकटलेली होती.

पुढची हकिगत थोडक्यात सांगून टाकू. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये याच कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडविला. त्याच्या पहिल्या मालिकेत दहा सायकली झाल्या. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने जोडलेले सांगाडे घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाचे दुकान थाटले. ते नाव आपल्यापुरते राखून ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि ते सर्वांचेच सामान्यनाम झाले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आणली, आणि भंगारातून उठलेली ही सायकल कारखान्यातून हजारांनी निघू लागली. मात्र या सर्व सायकलींचा चिमटा ताठच होता. टायर जाड, ब्रेक चांगले, गिअर पुष्कळ, पण धक्का झेलायचा तो चालविणाऱ्याच्या कोपरांनी.

दोन मार्ग : हवा-तेल आणि रबर

नव्या चिमट्याचे जनक सायकलीच्या परंपरेतून आलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पॉल टर्नर हा होंडा कंपनीच्या मोटोक्रॉस चमूत काम केलेला तंत्रज्ञ. १९८७ मध्ये लाँग बीच येथील सायकल प्रदर्शनात त्याने कीथ बॉन्ट्रेगर याच्या साहाय्याने केलेली, दोन्ही चाकांना धक्के झेलण्याची सोय असलेली सायकल मांडली. लोकांनी ती कौतुकाने पाहिली, पण विकत घेण्याजोगी वस्तू म्हणून पाहिली नाही. १९८९ मध्ये त्याने स्टीव्ह सायमन्स या मोटोक्रॉसमधल्याच दुसऱ्या कल्पकाबरोबर रॉकशॉक्स ही कंपनी काढली. त्यांचा पहिला चिमटा आर. एस. १. त्याची सरक जेमतेम दोन इंचांची, म्हणजे ४८ मिलिमीटर.

आता येथे थोडी यंत्राची फोड करणे भाग आहे. धक्का झेलणाऱ्या कोणत्याही साधनात दोन कामे असतात. पहिले काम स्प्रिंगचे : धक्का आला की दबायचे आणि पुन्हा मूळ उंचीवर यायचे. दुसरे काम दमनाचे : परत येताना उसळी मारू द्यायची नाही. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी खड्डा ओलांडल्यावरही झोपाळ्यासारखी डुलत राहते. ते डुलणे थांबविण्यासाठी तेल लहान छिद्रातून जोराने जायला लावतात, म्हणजे धक्क्याची शक्ती तेलाला किंचित तापविण्यात खर्च होते. टर्नरच्या चिमट्यात कोंडलेली हवा हीच स्प्रिंग होती आणि तेल दमन करीत होते. हवा पंपाने कमीजास्त करता येई, म्हणून हलक्या आणि जड स्वाराला तोच चिमटा चाले.

दुसरा मार्ग कोलोरॅडो राज्यातल्या डग ब्रॅडबरी याचा. त्याने आपल्या ‘मॅनिटू’ चिमट्यात हवा आणि तेल दोन्ही टाळली आणि नळीत युरेथेन रबराच्या गुटक्यांची चळत भरली. या रबराच्या पोटात अतिसूक्ष्म हवेचे कण असतात. ते दबते, आणि परत येताना स्वतःच्या अंगच्या आळसामुळे थोडे सावकाश येते. म्हणजे स्प्रिंगचे काम पूर्ण आणि दमनाचे अर्धेमुर्धे, असे दोन्ही एकाच वस्तूने साधले. झडप नाही, गळती नाही, पंप नाही. चिमटा मऊ हवा तर एका रंगाचे गुटके घालावे, कठीण हवा तर दुसऱ्या रंगाचे. कोणालाही घरी करता येईल असे हे काम. पुढे आन्सर या कंपनीने त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले.

आरंभी शर्यतीतले लोक या दोन्हींकडे संशयाने पाहत. वजन वाढते, चढावर जोर वाया जातो, बिघडण्याला एक जागा जास्त होते, हे त्यांचे आक्षेप. ते खोटेही नव्हते. परंतु १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरांगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली, आणि उतारावरची शर्यत ग्रेग हर्बोल्ड याने रॉकशॉक्सचा चिमटा वापरून जिंकली. युक्तिवादाने जे होत नव्हते ते घड्याळाने केले. पुढच्या चार-पाच वर्षांत ताठ चिमट्याची चांगली सायकल मागणारा गिऱ्हाईक विरळा झाला.

यानंतरचा काळ यंत्रेतिहासाच्या दृष्टीने फार गजबजलेला आहे. रॉकशॉक्सचे मॅग्नेशियमच्या पायांचे ‘मॅग’ चिमटे आले, रबरी गुटक्यांचा स्वस्त ‘क्वाड्रा’ आला, आणि १९९५ च्या सुमारास ‘ज्युडी’ आला. ज्युडीत रबरी गुटके स्प्रिंगचे काम करीत, आणि तेलाचे दमन एका पायातल्या वेगळ्या बंद नळकांड्यात असे. म्हणजे टर्नरचा आणि ब्रॅडबरीचा असे दोन्ही मार्ग तेथे एकत्र आले. होर्स्ट लाइटनर याने नळ्यांऐवजी बिजागरीच्या पट्ट्यांवर चालणारा चिमटा केला. कॅननडेल कंपनीने पाय ताठच ठेवून सगळी यंत्रणा हँडलखालच्या मधल्या नळीत बसविली. इंग्लंडमध्ये पेस मंडळींनी आपल्या पद्धतीचे रबरी चिमटे केले. इटलीत बोलोन्याजवळ १९४९ पासून चालत आलेल्या मार्झोकी या मोटारसायकलीच्या चिमट्यांच्या घराण्याने १९९७ चा ‘झेड १ बाँबर’ काढला. पोलादी स्प्रिंग, आणि तिच्याभोवती मोकळे खेळणारे भरपूर तेल, अशी मोटारसायकलीचीच साधी रचना त्याची होती, आणि सरक १०० मिलिमीटर. सात वर्षांत सरक दुप्पट झाली, आणि रबराचे दिवस भरले.

कारखान्यांचे दैवही असेच फिरले. रॉकशॉक्सचे भाग १९९६ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजारात आले. २००० मध्ये कंपनी कॅलिफोर्नियातून कोलोरॅडोत गेली, आणि २००२ मध्ये ती स्रॅम कंपनीने विकत घेतल्यावर उत्पादन तैवानला हलले. मार्झोकी २००८ मध्ये टेनेको या अमेरिकन कंपनीकडे गेली, आणि तिचा सायकलीचा भाग २०१५ मध्ये फॉक्सकडे. नावे टिकली. पण साचे, सुट्या भागांच्या खोक्यांच्या रांगा आणि ते भाग तोंडपाठ असणारी माणसे ही त्या नावांबरोबर प्रवास करीत नाहीत. येथूनच दुरुस्ती करणाराचे काम इतिहासाचे काम बनते.

म्हातारपणाची लक्षणे

लोखंडी ताठ चिमटा म्हातारा होतो तो गंजाने. या चिमट्याचे म्हातारपण पाच प्रकारचे आहे, कारण त्यात पाच प्रकारचे द्रव्य आहे.

पहिले युरेथेन रबर. हवेतली ओल या रबराच्या रेणूंचे सांधे हळूहळू तोडते. विशेषतः एस्टर जातीच्या युरेथेनला हा रोग हमखास होतो. वर्षानुवर्षे न वापरलेला जोडा बाहेर काढावा आणि पहिल्याच पावलाला त्याचा तळवा भुगा होऊन गळावा, हा अनुभव पुष्कळांना असेल. तोच हा रोग. जुना चिमटा उघडला की गुटक्यांच्या जागी कधी काकवीसारखा चिकट गाळ निघतो, तर कधी खडूसारखे तुकडे. चिमटा वापरला की न वापरला, याच्याशी त्याचा संबंध नाही. पेटीत जपून ठेवलेले नवे गुटकेही असेच जातात.

दुसरी रबरी कडी आणि धूळ अडविणारी ओठाळ कडी. या कडक होतात, मग तेल बाहेर येते आणि माती आत जाते. तिसरे मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश वजनाचा हा धातू हलका खरा, पण रंग उडाला की त्यावर पांढरी भुकटी चढते आणि ती आत पोखरीत जाते. चौथे तेल. ते जुने होऊन काळे पडते आणि घासलेल्या धातूच्या कणांनी जड होते. पाचवे आणि सर्वांत धोक्याचे ॲल्युमिनियम. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहान ताणही पुष्कळ वेळा मिळाला की कोठेतरी केसाएवढी चीर पडते. चिमट्याच्या ज्या वरच्या खांद्यात दोन्ही नळ्या बोल्टांनी आवळलेल्या असतात, तेथे ही चीर पडली तर ती सूचना देत बसत नाही.

दुरुस्तीची रीत

आता प्रत्यक्ष काम. जुन्या पोथीचा संपादक प्रथम पाने मोजतो, क्रम लिहून ठेवतो, आणि मगच दोरा सोडतो. येथेही तसेच करावे. चिमटा बाहेरून धुऊन कोरडा करावा. नळीचा व्यास, मधल्या दांडीचा व्यास आणि लांबी, सरक, आणि खांद्यापासून आक्सलपर्यंतची उंची मोजून लिहावी. मधली दांडी एक इंची, सव्वा इंची की एक आणि एक-अष्टमांश इंची, आट्याची की बिनआट्याची, यावरून चिमट्याचा काळ बराचसा ठरतो.

मग भिंग घेऊन खांदा पाहावा. बोल्टांच्या कडेला रंग सुटला आहे काय, दांडी जेथे खांद्यात दाबून बसविली आहे तेथे करकर येते काय, हे तपासावे. चीर दिसली तर काम तेथेच संपले असे समजावे. असा चिमटा भिंतीवर शोभेल, रस्त्यावर नाही. त्याला झाळ मारून चालविण्याचा मोह कोणी धरू नये.

खांदा निर्दोष असेल तर आतली हवा सावकाश सोडावी. मॅग जातीच्या चिमट्यांत फुटबॉलमध्ये भरतात तशी सुईने हवा भरण्याची सोय असे, त्याची सुई आधी शोधून ठेवावी लागते. मग वरची टोपणे काढून गुटक्यांची चळत त्याच क्रमाने कागदावर मांडावी. कोणता रंग कोठे होता हे पुढे कोणी सांगणार नाही. चिमटा उलटा करून पायांच्या तळाचे बोल्ट काही फेरे सैल करावेत, त्यांवर मऊ हातोड्याने टिचकी द्यावी, म्हणजे आतला सांधा सुटतो. मग बोल्ट काढून बाहेरचे पाय सरळ ओढावेत. जे तेल किंवा गाळ निघेल तो फेकण्यापूर्वी पाहावा. त्यात चमकणारे कण असतील तर आतली घर्षणाची बुशे झिजली आहेत.

साफ करताना आपल्या मिस्त्रीचा हात सवयीने रॉकेलच्या डब्याकडे जातो. छर्रे आणि साखळी यांना रॉकेल उत्तम, पण सगळ्याच रबरांना ते सोसत नाही. काही फुगतात. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे. नळीवर नख फिरवून पाहावे. नखाला ओरखडा लागला तर तो नव्या कडीचा ओठ महिन्याभरात खाऊन टाकील.

कड्यांच्या बाबतीत एक दिलासा आहे. चिमट्याची कंपनी गेली तरी गोल रबरी कडी आणि तेलकडी या उद्योगधंद्यात सर्वत्र ठरावीक मापांनी विकल्या जातात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे अचूक घेतली, तर जो माल पंपांसाठी आणि दाबयंत्रांसाठी विकतात त्यातच पुष्कळदा ती सापडते. बसविताना मात्र कडीच्या ओठाची दिशा चुकू नये.

तेलाविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. डब्यावरचा ‘पाच’ किंवा ‘दहा’ हा आकडा सर्व कंपन्यांत सारख्याच पातळपणाचा असतो असे नाही. म्हणून शक्य तेथे सेंटिस्टोक्समधला आकडा पाहावा. दुसरी गोष्ट, मोकळ्या तेलाच्या चिमट्यात तेल नुसते वंगणासाठी नसते. स्प्रिंग काढून, चिमटा पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून तेलाची पातळी मोजतात. तेलावर उरलेली हवा हीही एक स्प्रिंगच आहे. तेल वाढविले की ती हवा कमी होते आणि शेवटच्या इंचात चिमटा कठीण होतो. पातळीतला थोडा फरकही चालविणाऱ्याच्या हाताला कळतो.

गुटक्यांचा प्रश्न सर्वांत बिकट. मूळचे मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते आतून गेलेले असण्याचा संभव मोठा. म्हणून कोणी नव्या युरेथेनच्या कांबीतून तेवढ्याच व्यासाचे गुटके कापून घेतात, तर कोणी पोलादी स्प्रिंग घालतात. ज्युडीचे तेलाचे नळकांडे गळण्याबद्दल कुप्रसिद्ध होते, म्हणून त्याच्या बदली बसणारी अधिक टिकाऊ नळकांडी त्या काळातच इतर कारागिरांनी विकायला काढली होती. जोडणी करताना युरेथेनला न बाधणारे, लिथियमविरहित वंगण वापरावे, बोल्ट सांगितलेल्या जोरापलीकडे आवळू नयेत, कारण आटे मऊ धातूत असतात. शेवटी पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवावी. ठकठक आली तर बुशे सैल आहेत. मग सपाट रस्त्यावर एक फेरी, पुन्हा तपासणी, आणि मगच उतार.

जुन्या सांगाड्याला नवा लांब चिमटा बसविण्याचा सल्ला काही जण देतात. त्यात एक हिशेब आहे. चिमटा दर वीस मिलिमीटरने उंच झाला की हँडलच्या नळीचा कोन साधारण एक अंशाने पडतो. दोन इंची सरकेसाठी आखलेल्या सायकलीला चार इंची चिमटा लावला की ती वळायला सुस्त होते, आणि सांगाड्याच्या मानेवर न आखलेला ताण येतो. म्हणजे जुन्या सायकलीचा स्वभाव राखायचा असेल, तर जुना चिमटाच नीट करण्यावाचून गत्यंतर नाही.

जतन की जीर्णोद्धार?

येथे आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. समजा, चिमट्याचे गुटके नवे, कड्या नव्या, तेल नवे, बुशे नवी, पायांवरचा रंग नवा. मग जुने काय राहिले? आणि काहीच बदलले नाही, तर तो चिमटा चिमटा राहिला काय? दाबल्यावर जो दबत नाही, त्याला धक्के झेलणारा म्हणावे तरी कसे?

पाश्चात्त्य वस्तुसंग्रहालयांनी या प्रश्नाला जतनाच्या बाजूने उत्तर दिले आहे. ब्रीझच्या १९७७ च्या पहिल्या सायकलीला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जागा मिळाली आहे, आणि तिच्यावर आता कोणी बसणार नाही. फेअरफॅक्स गावी, जेथे ती शर्यत झाली त्याच परिसरात, २०१५ पासून सायकलींचे संग्रहालय आहे. तेथेही मूळ वस्तूला मान आहे, आणि असलाच पाहिजे. आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि रोजच्या वापरातल्या शेकडो वस्तू जमविल्या, त्याही जशा मिळाल्या तशाच ठेवल्या. त्यांवरचे काजळीचे डाग हाही पुरावाच असतो.

परंतु आपल्या परंपरेत दुसरेही उत्तर आहे, त्याचे नाव जीर्णोद्धार. देवळाचा शिखरभाग ढासळला की आपण तो नव्याने बांधतो आणि देऊळ तेच समजतो, कारण देऊळपण दगडात नसून चालू असलेल्या पूजेत आहे, असे आपण मानतो. या उत्तराचा गुण असा की वस्तू जिवंत राहते. दोष असा की जीर्णोद्धाराच्या उत्साहात शिलालेखावर चुना फासला जातो, आणि मग संशोधकाच्या नशिबी खरवडणे येते.

आमचा पक्ष असा आहे. एखाद्या जातीचे चिमटे दोन-चारच उरले असतील, किंवा एखादा चिमटा विशिष्ट शर्यतीत वापरलेला असेल, तर तो उघडूही नये, उघडलाच तर काहीही फेकू नये. पण जे हजारांनी निघाले, त्यांतले काही चालते राखणे हेही इतिहासाचे कर्तव्य आहे. कारण टर्नरचा हवेचा मार्ग आणि ब्रॅडबरीचा रबराचा मार्ग यांत फरक काय होता, हे काचेपलीकडून कळत नाही. रबर थंडीत ताठरते हे वाचून कळते. पण सकाळी लाकडासारखा वाटणारा चिमटा दुपारच्या उन्हात मवाळ होतो, आणि त्या काळच्या स्वाराने हवामान पाहून गुटके का बदलले, हे हाताला कळते तेव्हाच पुरते समजते. हे ज्ञान हातांत राहते, आणि हात निवृत्त झाले की जाते.

म्हणून जीर्णोद्धार करणाराने तीन पथ्ये पाळावीत, असे आम्ही सुचवितो. जो बदल कराल तो पुन्हा काढता येईल असा करा. जुना भाग, मग तो विरघळलेला गुटका का असेना, चिठ्ठी बांधून डबीत ठेवा. आणि काय बदलले, केव्हा बदलले, कोणत्या मापाचे घातले, हे लिहून ठेवा. अमेरिकेत आणि युरोपात काही हौशी लोकांनी कंपन्यांच्या जुन्या दुरुस्तीच्या पुस्तिका सांभाळून ठेवल्या, मापे घेतली, बंद झालेले भाग लेथवर दहा-वीसच्या संख्येने करून एकमेकांना पुरविले. ही मंडळी कोणत्याही विद्यापीठाची नाहीत. पण साधने जमविणे, पाठभेद तपासणे आणि प्रत शुद्ध करणे, ही संशोधनाची तिन्ही कामे त्यांनी केली आहेत.

आपल्याकडे या चिमट्यांची संख्या थोडी असेल. परंतु प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. ज्या पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, तेथे आज सायकलींचे एक खाजगी संग्रहालय आहे आणि ते अभिमानास्पद आहे. पण दांडीचे ब्रेक जुळवून देणारा, चाकाची वाट नुसत्या डोळ्यांनी काढणारा आणि कप-कोन कानाने ओळखणारा मिस्त्री चौकाचौकांतून उठून चालला आहे. त्याची मापे कोणी लिहून घेतलेली नाहीत. मरिनच्या पोरांनी भंगारातली सायकल उचलली, आणि त्यातून एक शर्यत, एक धंदा व एक इतिहास उभा राहिला. त्याचे एक कारण असे की, तापलेल्या तुंब्यात वंगण कसे भरावे हे त्यांना येत होते. आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला काय काय येते, हे त्याच्या दुकानाची फळी कायमची लागण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन कोणी विचारून ठेवले, तर पुढच्या पिढीच्या इतिहासकाराला एक अव्वल दर्जाचे साधन मिळेल.